स्वित्झर्लंडातली मेंढरं

वैशाख लागला तेव्हा सोनाजीच्या मेंढरांना खायला बाभळीशिवाय काही उरलं नव्हतं. शेंगा कधीच संपल्या होत्या. सोनाजी लांब बांबूच्या टोकाला विळा बांधून एकेक फांदी ओढायचा, त्याची बायको राजाबाई खाली उभी राहून ती झेलायची, आणि मेंढरं तिच्या हातातून हिसकून काट्यासकट पाला चघळायची. दुपारपर्यंत सोनाजीची मान आखडून जायची आणि राजाबाईच्या हातांवर ओरखड्यांची जाळी व्हायची. एवढं करून कळपाचं अर्धं पोटही भरत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी असं नव्हतं. करमाडच्या अलीकडं काकासाहेबांचा मोठा मुरमाड माळ होता. सोनाजीच्या आज्यापासून मेंढरं तिथंच चरायची. कुणी कुणाला विचारायचं नाही, लिहायचं तर नाहीच. वर्षातून चार रात्री काकासाहेबांच्या मळ्यात मेंढरं बसवली की झालं. मेंढरं बसवणं हा सोनाजीच्या घराण्याचा खरा धंदा. शेतात वाघर लावायची, म्हणजे सुताची जाळी खुंट्यांना ताणून वाडगं करायचं, त्यात कळप रात्रभर दाटीनं कोंडायचा, सकाळी वाघर उचलून पुढच्या तुकड्यात. लेंडी आणि मूत जमिनीत मुरलं की तीन वर्षं त्या वावराला बघायला नको. शेतकरी ज्वारी द्यायचा, पाणी द्यायचा, वर मान द्यायचा.

मग काकासाहेबांनी माळ विकला. शहरातल्या कुठल्याशा कंपनीनं घेतला, दहा फुटी भिंत घातली आणि आत काहीतरी उभं राहू लागलं. भिंतीवरून एक लोखंडी मनोरा डोकवायला लागला. मोबाईलचा टॉवर असेल असं लोकांना वाटलं, पण कुणाच्याच मोबाईलला रेंज आली नाही.

"बा, इकून टाकू," राम म्हणाला. हा सोनाजीचा एकुलता पोरगा, शेंद्र्याच्या कंपनीत कामाला. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून जायचा आणि संध्याकाळी मेंढरांच्या वाऱ्याला उभा राहायचा नाही. "येपारी ओळखीचा हाय. सगळा कळप एकदाच उचलतो म्हन्ला."

"मिरग निघू दे," सोनाजी म्हणाला. "पानी पडलं की माळ हिरवा व्हतो."

"कोन्ता माळ?"

 सोनाजीनं विळ्याची दोरी घट्ट केली.

त्याच आठवड्यात वस्तीवर पांढरी गाडी आली. आतून कंपनीचा इंद्रजीत साहेब उतरला. तिशीचा, काळा चष्मा, पांढरे बूट. मागून पुंडलिक उतरला. पुंडलिक गावचाच शेतकरी, माळाला लागून त्याचं पाच एकर रान. आता भिंतीच्या आतल्या कारभारावर तो देखरेखीला होता आणि त्याला निळी टोपी मिळाली होती. टोपी डोक्याला लहान होती, म्हणून तो सारखी दाबत होता.

"मामा, मेंढ्या तुमच्याच ना? किती आहेत?"

"हायेत देवाच्या दयेनं," सोनाजी म्हणाला. मेंढरांचा आकडा कुणी सांगतं का?

"आमच्याकडे आणा सोमवारपासून. आत गवत आहे, पाणी आहे. पाऊस पडेपर्यंत राहू द्या. तुमची हजेरी पण लावू."

सोनाजीला वाटलं आपली थट्टा चालली आहे. त्यानं पुंडलिकाकडं बघितलं. पुंडलिक टोपी दाबत होता.

"कोन्या वावरात आनू?"

"वावर नाही हो. स्वित्झर्लंडमध्ये."

"ते कुठशीक आलं?"

"गेटातून आत गेलं की डाव्या हाताला," पुंडलिक म्हणाला.

"फक्त मेंढ्या आणायच्या," साहेब गाडीत बसता बसता म्हणाला. "बाकी काही करायचं नाही. मी दहा-बारा दिवस पुण्याला आहे, पुंडलिक बघेल सगळं."

गाडी गेली. पुंडलिक मागंच राहिला. मेंढरं बोलावून बाकी काही करायचं नाही, हे काही सोनाजीच्या डोक्यात शिरेना. मग पुंडलिकानंच उलगडा केला.

"आत हिरवळ लावली रे. मुरमावर बाहेरची लाल माती आनून टाकली, दम न्हाई तिच्यात. पिवळी पडायली सगळी. साहेबाला कुनीतरी सांगितलं असंल, लेंडी पायजे म्हून."

"असं व्हय!" सोनाजीचा जीव भांड्यात पडला. "शिकल्याला असून अक्कल हाय म्हनायची."

चाळीस वर्षांत त्याला कुणी दुसऱ्या कामासाठी बोलावलंच नव्हतं. मेंढक्याला बोलावलं म्हणजे रान खतवायला, याबद्दल त्याला शंका नव्हती आणि पुंडलिकाला तर त्याहून नव्हती.

सोमवारी सकाळी कळप फाटकातून आत गेला आणि दहा पावलांवर अडला. समोर सिंहाचं अंग आणि माणसाचं तोंड असलेलं काहीतरी सिमेंटचं बसलं होतं. पुढची मेंढरं मागं वळली, मागची पुढं रेटू लागली, गुळगुळीत फरशीवर खुर घसरले. राजाबाईनं आधी त्या मूर्तीला हात जोडले.

"नरसिंव्ह दिसतो. पन उलटा."

"मिसरचा हाय तो," पुंडलिक म्हणाला. त्याला पाट्या वाचून वाचून बरंच पाठ झालं होतं. "त्यो तिरकोनी ढीग हाय तोबी मिसरचाच. तो वाकडा मनोरा इटलीचा."

"वाकडा कामून केला? गवंडी पिऊन व्हता का?"

"मुळातच वाकडा हाय म्हनं. म्हून हितंबी वाकडा केला. दोनदा सरळ झाला, पाडून परत वाकडा बांधला."

सोनाजी चालता चालता थांबला. पांढरा घुमट आणि चार मिनार असलेली इमारत समोर होती, त्याच्या खांद्याएवढी.

"हा तर बीबीचा मकबरा," राजाबाई खूश होऊन म्हणाली. सगळ्या जगात तिला ओळखीचं एवढंच भेटलं होतं. लग्नाच्या वर्षी ती तिथं जाऊन आली होती.

"ताजमहाल हाय."

"ऱ्हाऊ द्या. म्या मकबरा बघितला न्हाई व्हय?"

"पर येवढा धाकला कामून केला सगळा?" सोनाजीनं विचारलं.

"खरा लई लांब हाय म्हून."

"लांब हाय तर जवळ आनायचा. धाकला कशापायी?"

पुंडलिकानं टोपी दाबली. त्यालाही हे कधी समजलं नव्हतं, पण निळी टोपी घातलेल्या माणसाला तसं म्हणता येत नाही.

स्वित्झर्लंड म्हणजे टोकाला चुना मारलेला सिमेंटचा डोंगर, पायथ्याला लाल कौलांचं लाकडी घर आणि समोर गवताचा उतार. गवत खरोखर पिवळं पडलं होतं. सोनाजीनं वाकून मूठभर माती उचलली, चुरगाळली, वास घेतला आणि पुंडलिकाकडं बघून मान हलवली. पुंडलिकानंही हलवली. दोघांचं एकमत झालं.

मग आठ दिवस सोनाजीनं असं काम केलं की त्याचं त्यालाच बरं वाटावं. सकाळी मेंढरं उठवायची, कडेकडेचं गवत चारायचं, उन्हं चढली की व्हेनिसच्या कालव्यावर पाण्याला न्यायची. कालव्यात टँकरचं पाणी होतं आणि दोन रंगीत नावा. मेंढरं नावांना ढुशा देत पाणी प्यायची. चार वाजले की सोनाजी आणि राजाबाई वाघर उपसून पुढच्या तुकड्यावर न्यायची, खुंट्या ठोकायची, गाठी मारायची. पहिले तीन दिवस स्वित्झर्लंड, मग लोखंडी मनोऱ्याखालचा पॅरिस, मग मिसर. चीनच्या भिंतीकडं काहीच उगवत नाही असं पुंडलिकानं सांगितलं तेव्हा तिथं त्यानं एक दिवस जास्त दिला. राजाबाई पिरॅमिडच्या आडोशाला तीन दगडांवर भाकरी टाकायची. कळपाच्या बरगड्या झाकू लागल्या होत्या. कानतुटी नावाची मेंढी अवेळी गाभण होती, तिच्या कासेत दूध उतरू लागलं होतं. मिरगापर्यंत मेंढरं जगतात, एवढंच सोनाजीला हवं होतं आणि ते होताना दिसत होतं.

नवव्या दिवशी सकाळी साहेब आला. दोन दिवसांनी बगीचा लोकांना उघडायचा होता. तो पॅरिसात दहा पावलं चालला, थांबला, आणि एक पांढरा बूट उचलून खाली बघू लागला.

"हे काय आहे?"

"लेंडी," सोनाजी उत्साहानं म्हणाला. "समदं झालं बगा साहेब. नुसती अमेरिका ऱ्हायली. दोन दिसात तीबी खतवून टाकतो."

 साहेबानं चष्मा काढला आणि चारी बाजूंना बघितलं. सगळ्या जगावर सारखी, दाट लेंडी पसरली होती. कुठं उणं नाही, कुठं दुणं नाही. असं काम नवखा मेंढका करूच शकत नाही.

"मामा, मी मेंढ्या बघायला बोलावल्या होत्या."

"कुनी बघायला?"

"लोकांनी!"

"लोकांनी मेंढरं कामून बघायची?" सोनाजीला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

साहेबानं मोबाईल काढून फोटो दाखवला. हिरवागार डोंगर, त्यावर पांढरीशुभ्र, गुबगुबीत मेंढरं. सोनाजीनं डोळे बारीक करून फोटो वरपासून खालपर्यंत बघितला.

"ह्यात मेंढका कुटंय?"

"कुणास ठाऊक. असेल कुठेतरी."

 एवढी मेंढरं उघड्या डोंगरावर, आणि माणूस नाही. लांडगा, चोर, काहीच नसेल का त्या मुलखात? सोनाजीला तो फोटो पुढचे दोन दिवस आठवत राहिला.

ते दोन दिवस गेले लेंडी उचलण्यात. राजाबाई आणि सोनाजी उकिडवे बसून बोटांनी एकेक लेंडी वेचत सगळं जग फिरले. भरलेली पोती पुंडलिकानं गुपचूप भिंतीपलीकडं आपल्या वावरात नेली. खतवलेलं रान परत साफ करायला लागावं, हे सोनाजीच्या सात पिढ्यांत घडलं नव्हतं. त्याला ओशाळल्यासारखं झालं, पण चूक कुठं झाली ते काही सापडेना. राजाबाईच्या कमरेत कळ भरली. ती म्हणाली, "उंद्या म्हनतील, मुतल्यालंबी वर काढा."

मग मेंढरांना साबणानं धुतलं. फेस पांढरा झाला, मेंढरं काळीच राहिली.

बगीचा उघडला आणि शहरातून गाड्यांवर गाड्या आल्या. सोनाजीनं भर वैशाखात खांद्यावर घोंगडी घेऊन उभं राहायचं, असं साहेबानं ठरवून दिलं होतं. घोंगडीखाली घाम पाठीवरून धोतरात उतरायचा. लोक विचारायचे, काका, चावतात का? काका, ही खरी आहेत का? एक बाई म्हणाली, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय. तो बाजूला झाला की दुसरी म्हणायची, अहो तुम्ही कुठे चाललात, तुम्ही हवेच. तो परत यायचा. दिवसभर असं मागंपुढं करून त्याच्या पोटऱ्या भरून यायच्या. रानात वीस कोस चालून असं कधी झालं नव्हतं. त्याला लाज वाटायची, पण लाजावं असं कुणी काही बोललेलंही नसायचं. सगळे हसून, अदबीनंच बोलत होते.

पंधरा दिवस असे निघाले. मग लोकांनी वासाची तक्रार केली. एका मेंढीनं हॉलंडची कापडी फुलं खाल्ली. आणि एका सकाळी फाटकातून टेम्पो आला.

टेम्पोत मेंढरं होती. फायबरची, पांढरी, एकेका मेंढराच्या डोळ्याला काळ्या पापण्या. साहेबानं उतरवायला सांगितलं म्हणून सोनाजी पुढं झाला. सवयीनं त्यानं पहिलं मेंढरू छातीशी धरलं, एक हात पुढच्या पायांखाली, एक मागच्या, आणि वजन येईल म्हणून कंबर कसली. वजन आलंच नाही. तो मागं तोल जाऊन टेम्पोच्या फळीवर बसला. टेम्पोवाला हसला.

"मामा, उद्यापासून तुमच्या मेंढ्या नकोत," साहेब म्हणाला. "पण तुम्ही राहा. महिन्याचा पगार सुरू करतो. घोंगडी, काठी, हा पटका, असंच बसायचं. संध्याकाळी सहाला सुटी."

"म्या कुनाला राखू?"

"यांना."

सोनाजीनं त्या मेंढरांकडं बघितलं. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला होती. त्यानं साहेबाकडं बघितलं. साहेब थट्टा करत नव्हता, उलट आपण एका गरिबाचं भलं केलं या समाधानात होता. ते सोनाजीला दिसत होतं, म्हणूनच त्याला नाही म्हणता येईना आणि हो म्हणायला जीभ उचलेना.

रामाला मात्र आनंद मावेना. "सोन्यावानी काम हाय, बा! सावलीत बसायचं. ऊन नाय, वारा नाय. आता मेंढरं कशाला पायजेत?"

"पुंडलिक म्हनला, त्याच्या वावरात बसवा. इहिरीला पानी हाय, जवारीची धसकटं हायेत. मिरगापस्तोर भागतं."

"अन राखील कोन? तू तिकडं बसनार."

सोनाजीनं राजाबाईकडं बघितलं. ती परातीत पीठ मळत होती. तिनं मान वर केली नाही.

"येकट्या मानसाला कळप राखनं व्हत न्हाई," ती म्हणाली. "म्या चार दिस वढीन, पाच दिस वढीन. तुमी तिकडं गेलात तर मेंढरं इकलीच पायजेत. दोन्ही डगरींवर हात ठिवून न्हाई चालायचं."

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय. मला इचारून आनली व्हती का मेंढरं?"

हे उत्तर होतं की राग, ते सोनाजीला उमगलं नाही. तो म्हणाला, "चार दिस बसून बघतो." रामानं लगेच व्यापाऱ्याला फोन लावला आणि रविवारी संध्याकाळची वेळ ठरवून टाकली. चार दिवसांत बापाला पगाराची गोडी लागेल, असा त्याचा हिशेब होता.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. सोनाजी लाकडी घराच्या सावलीत बसायचा. काम काहीच नव्हतं आणि तरी तो थकायचा. एखादं पोर फायबरच्या मेंढरावर चढलं की तो उठायचा, मग आपण का उठलो ते आठवून परत बसायचा. भिंतीपलीकडं पुंडलिकाचं रान. तिथून आपली मेंढरं ओरडलेली ऐकू यायची. हे ओरडणं पाण्याचं, हे कोकराचं, हे कुत्रं दिसल्याचं. त्याला सगळं कळायचं आणि जागेवरून हलता यायचं नाही. संध्याकाळी राजाबाई भेटायची तेव्हा तिच्या पायांत काटे आणि डोळ्यांत झोप असायची.  सोनाजीला तिची दया यायची, स्वतःचा राग यायचा आणि पगार पण डोळ्यांपुढून हलायचा नाही.

रविवारी दुपारी तीनच्या सुमाराला बगीच्यात पाय ठेवायला जागा नव्हती. सोनाजीनं भिंतीपलीकडून एक आवाज ऐकला आणि तो ताठ झाला. मेंढी कण्हत होती. एकदा, मग बऱ्याच वेळानं पुन्हा. कानतुटी. विताना अडली होती, नाहीतर एव्हाना मोकळी झाली असती.

थोड्या वेळानं पुंडलिक धापा टाकत आला. "सोनाजी, येकच पाय भायेर आलाय. राजाबाईला जमंना. चल लवकर."

सोनाजी साहेबाकडं गेला. साहेब फाटकापाशी कुठल्याशा पाहुण्यांना घेऊन चालला होता.

"साहेब, घडीभर जाऊन येतो. मेंढी आडली."

"मामा, रविवार आहे. आज नका हो. सहानंतर जा ना."

"सहापस्तोर मरंल ती."

"दुसरं कुणी नाही का? तुमची जागा मोकळी कशी ठेवायची? लोक काय बघतील?"

साहेब पाहुण्यांबरोबर पुढं निघून गेला. सोनाजी तिथंच उभा राहिला. जिवंत मेंढीपाशी जायला ह्या न मरणाऱ्या मेंढरांची रजा घ्यायची होती, आणि ती मिळाली नव्हती. हे असं कसं झालं, कुठून इथवर आलो, त्याला काही सुधरेना. नोकरी म्हणजे अशीच असते का? राम रोज हेच करतो का? पुंडलिक त्याच्याकडं बघत उभा राहिला, मग माघारी पळाला.

पाच मिनिटांत फाटकाकडं गलका झाला. राजाबाई आत येत होती. कानतुटी तिच्या दोन्ही खांद्यांवर आडवी, चारी पाय छातीशी आवळून धरलेले, पदर रक्तानं भरलेला. पुढं पुंडलिक निळी टोपी हातात घेऊन वाट करत होता. फाटकावरच्या पोरीनं तिकीट मागितलं. राजाबाईनं तिच्याकडं नुसतं बघितलं.

"तुमास्नी येता येत न्हाई म्हून हिला आनली," ती म्हणाली आणि मेंढी स्वित्झर्लंडच्या गवतावर उतरवली.

सोनाजीनं घोंगडी टाकली, धोतर खोचलं. राजाबाईनं कनवटीची गोडेतेलाची बाटली काढली. त्यानं उजवा हात कोपरापर्यंत तेलानं माखला आणि मेंढीच्या मागं गुडघे टेकले. राजाबाईनं तिची मान मांडीखाली दाबून धरली. बाहेर आलेलं ते एवढंसं पाऊल निळं पडत चाललं होतं. सोनाजीनं कळ ओसरायची वाट बघितली, मग पाऊल हलकेच आत सारलं आणि हात आत घातला. डोळे मिटले. तिथं डोळ्यांचं काही काम नसतं. बोटांना तोंड लागलं, मग मान, मग छातीखाली दुमडून बसलेला दुसरा पाय. पुन्हा कळ आली, मेंढीनं त्याचं मनगट असं आवळलं की त्याच्या खांद्यापर्यंत मुंग्या आल्या. त्यानं दातांवर दात दाबले. कळ गेली. गुडघा तळहातात धरून त्यानं पाय तसूतसूनं पुढं ओढला.

"आला का?" राजाबाई म्हणाली.

"आला. दम धर, बाई माझी. दम धर." हे कुणाला म्हणाला कोण जाणे.

पुढच्या कळेला दोन्ही पाय आणि नाक एकदम बाहेर आलं आणि मग सगळं कोकरू घसरून त्याच्या मांडीवर पडलं. ते हलेना. सोनाजीनं नाकातोंडातला चिकटा बोटानं काढला, मागचे पाय धरून दोन हेलकावे दिले, गवताची काडी नाकपुडीत फिरवली. कोकरू शिंकलं. राजाबाई मोठ्यानं हसली आणि हसता हसता रडली. 

तेव्हा कुठं सोनाजीला भोवतालची माणसं दिसली. शंभर-दीडशे तरी असतील. सगळ्यांचे मोबाईल वर. कुणी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. एक गृहस्थ पोराला खांद्यावर घेऊन पुंडलिकाला विचारत होते, "पुढचा शो किती वाजता आहे?"

गर्दी सारत साहेब आला. आधी त्याचा चेहरा लाल होता. मग त्यानं मोबाईल बघितले, टाळ्या ऐकल्या, आणि चेहरा बदलला. तो सोनाजीशेजारी उकिडवा बसला. पांढऱ्या बुटाला चिकटा लागला, तिकडंही त्याचं लक्ष गेलं नाही.

"मामा, भारी! हे रोज करता येईल का? रोज नाही तर निदान शनिवार-रविवार?"

सोनाजी त्याच्याकडं बघत राहिला. महिनाभर त्याला वाटत होतं की आपल्याला काही कळत नाही, साहेबाला सगळं कळतं. आता त्याला त्या पोराची कीव आली. एवढं जग बांधलं, आणि मेंढी आपल्या वेळेला विते हे कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

"धरा जरा," तो म्हणाला आणि आपली काठी साहेबाच्या हातात दिली. मग त्यानं कोकरू घोंगडीत गुंडाळलं, छातीशी धरलं आणि उठला. राजाबाईनं कानतुटीला उभं केलं. कोकराच्या वासानं मेंढी आपण होऊनच त्याच्या मागं लागली. लोकांनी वाट दिली. साहेब काठी धरून पांढऱ्या मेंढरांमध्ये उभा राहिला आणि लोक त्याच्याकडं, पुढं काय होतं म्हणून बघू लागले.

फाटकाबाहेर राम मोटारसायकल लावत होता. मागं व्यापारी बसला होता. रामानं बापाचे कोपरापर्यंत रक्ताळलेले हात बघितले.

"बा! काय झालं? काम सोडलं का काय?"

"सोडलं न्हाई. साहेब बसल्यात माझ्या जागी."

रामाला काहीच समजलं नाही. व्यापारी खाली उतरला, घोंगडी बाजूला करून त्यानं कोकराच्या पाठीवरून अंगठा फिरवला, मांस किती ते बघायला व्यापारी फिरवतात तसा. सोनाजीनं घोंगडी परत ओढून घेतली.

"पावनं, लांबून आलात. चहा घेऊन जावा," तो म्हणाला. "मेंढरं द्यायची न्हाईत."

"बा, पगार..."

"तू हाईस की पगाराचा. येक पुरं."

व्यापारी समजूतदार होता. त्यानं चहा घेतला, पाऊस कधी पडेल यावर दोन शब्द बोलला आणि रिक्षानं गेला. राम बराच वेळ पुंडलिकाच्या बांधावर पाठ करून उभा राहिला. रागावला होता, ते त्याच्या मानेवरून कळत होतं. दिवस कलला. राजाबाई पाय पसरून बसली होती, तिला आता उठवत नव्हतं. सोनाजीच्या मांडीवर कोकरू पहिला चीक प्यायला धडपडत होतं आणि त्यात सोनाजीचे दोन्ही हात गुंतले होते. मेंढरं तर अजून मोकळी होती.

"कुठवर लावायची ती वाघर?" रामानं मागं न बघता विचारलं.

"त्या बोरीपस्तोर."

रामानं इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि दगड घेऊन खुंट्या ठोकायला लागला. सगळ्या वाकड्या ठोकत होता. सोनाजीनं कोकराचं तोंड परत कासेला लावलं.